पाय तिचा, सहीही तिचीच

देवरीला तालुक्याची बैठक होती. विषय दारूबंदीच्या ठरावाचा. एक मावशी सर्वांत शेवटी आली आणि भिंतीला टेकून, डावा पाय लांब सोडून बसली. त्या पायात जोडवं नव्हतं. एक बोटही नव्हतं. चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, "मावशी, पायाला काय झालं जी?" आणि पुढचा तासभर दारूबंदीचा ठराव बाजूला राहिला.

तिची हकिकत तिच्या परवानगीनं इथं देत आहोत. नाव, गाव आणि दवाखान्याचं नाव मुद्दामच दिलेलं नाही.

मावशीचं वय पंचावन्नच्या आसपास. उन्हाळ्यात तेंदूपानं तोडायची, पावसाळ्यात रोवणीला जायची, एरवी मिळेल ती मजुरी. दोन वर्षांपासून चालताना डाव्या पोटरीत गोळा यायचा. थांबलं की दोन-चार मिनिटांत जायचा, चाललं की पुन्हा यायचा. "थांबली त संगच्या बाया म्हनत, कामाची चोर हाये." गावात येणाऱ्या एकानं वात आहे म्हणून दुखणं मारायची इंजेक्शनं दिली. मग एका रोवणीत चिखलात बोटाला काहीतरी लागलं. हळद लावली, पाला बांधला. जखम भरेना. रात्री आडवं झालं की पाय ठणकायचा आणि बाजेवरून खाली लोंबता सोडला की जरा बरं वाटायचं, म्हणून ती बसून झोपू लागली. आधी रोवणी उरकू द्या, मग धान कापू द्या, मग दिवाळी होऊ द्या, असं करत करत बोट काळं पडलं. तेव्हा कुठं देवरी, तिथून गोंदिया, तिथून नागपूर. मधुमेह आहे हे तिला नागपूरला कळलं. पायाच्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया झाली. बोट गेलं, पाय वाचला.

पण तिचा राग कशाबद्दल होता? उशिराबद्दल नव्हता, बोटाबद्दलही नव्हता. ती म्हणाली, "शुद्धीवर आली अन् पाहते त मांडीले एवढा मोठा चिरा. माहा रोग त खाली पायात होता. मांडी काहून कापली, मले कोनीच सांगतलं नाही." कागदावर सही मुलानं केली होती. "मालक कुठं आहेत?" असं विचारलं गेलं, मालक नव्हते म्हणून मुलगा. मावशीला सही येते. साक्षरता वर्गात बसून शिकलेली सही. ती कुणी मागितलीच नाही.

या अंकाचं संपादकीय या सहीसाठी आहे, आणि त्या सहीच्या आधी नि नंतर जे घडतं त्यासाठी.

आपण स्त्री-आरोग्याचं काम करतो असं म्हणतो तेव्हा नेमकं काय करतो? पाळी, पांढरं पाणी, बाळंतपण, गर्भपात, नसबंदी, गर्भाशय काढणं. हे काम मोलाचं होतं आणि आहे. ज्या गोष्टी बायका आईलाही सांगत नव्हत्या त्या शिबिरात मोठ्यानं बोलू लागल्या. पण सरकारनं बाईला गर्भाशय म्हणून पाहिलं अशी टीका करता करता आपणही थोडंफार तेच केलं. पन्नाशी उलटलेल्या बाईचं हृदय, तिची साखर, तिचे पाय आपल्या शिबिराच्या तक्त्यावर कधी आले? मावशी आपल्याच बैठकांना दोन वर्षं लंगडत येत होती. आपण तिला ठराव वाचून दाखवले. पाय दाखव, असं म्हणालो नाही. ही चूक कबूल करूनच पुढे बोलायला हवं.

आता आजार समजून घेऊ. हृदयाकडून पायाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे धमन्या. त्यांच्या आतल्या बाजूला चरबीचे आणि चुन्याचे थर साचतात, वाट अरुंद होते. बसलेल्या पायाला तेवढं रक्त पुरतं, चालणाऱ्या पायाला पुरत नाही, म्हणून पोटरी दुखते. थर वाढला की बसल्याजागीही रक्त पुरत नाही. पाय थंड पडतो, कातडी चकचकीत आणि पातळ दिसते, नखं जाड होतात, रात्री ठणका लागतो, छोटी जखमही भरत नाही आणि शेवटी बोट काळं पडतं. पायावर निळ्या-हिरव्या फुगलेल्या नसा दिसतात तो आजार वेगळा. त्या रक्त परत नेणाऱ्या शिरा. गावात दोन्हींना 'नस' म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

कारणंही ठाऊक असलेलीच आहेत. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, रक्तातली वाढलेली चरबी आणि वय. विडी-सिगारेटचा धूर सर्वांत घातक. पण आपल्याकडच्या बायका ओढत कमी, घासतात आणि चघळतात जास्त. सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना गुडाखू, दुपारी खर्रा. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, खर्रा मात्र पानठेल्यावर घोटला जातोच आहे. त्यातलं निकोटीनही रक्तवाहिन्या आवळतं. मावशी लहानपणापासून गुडाखू घासत होती. उपाशीपोटी कामाला जायचं, भूक मरते म्हणून घासायचं, ही सवय आपल्याला कळते. भुकेवर तंबाखू हा उपाय ज्या समाजानं बाईला दिला त्याला जाब विचारायचा की नुसतंच तिला व्यसनी म्हणायचं, हे आपण ठरवायचं आहे.

पुरुषांमध्ये, विशेषतः विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांमध्ये, हातापायांच्या बारीक धमन्या सुजून बंद पडण्याचा एक वेगळा आजार असतो. १९०८ साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला बर्जरचा आजार म्हणतात. त्यात शस्त्रक्रियेला अनेकदा जागाच नसते. तंबाखू पूर्ण सुटली तर पाय वाचण्याची आशा. भंडारा-गोंदिया पट्ट्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळल्या. ज्या हातांनी विडी वळली त्याच हातांनी नवऱ्याच्या पायाची जखम धुवायची, असंही काहींच्या वाट्याला येतं.

बायकांचा हा आजार उशिरा का कळतो? एक तर तो पुरुषांचा समजला जातो. दुसरं, बायकांची तक्रार नेहमी पुस्तकातल्यासारखी नसते. पोटरीत गोळा येण्याऐवजी पाय जड वाटतो, थकवा येतो, आणि ते कंबर, गुडघे किंवा वय यांच्या खात्यावर जमा होतं. तिसरं, दुखलं की ती वेग कमी करते, दुरून पाणी आणणं सुनेवर टाकते आणि "आता बरं आहे" म्हणते. बायकांच्या धमन्याही मुळात बारीक असतात, त्यामुळे उशिरा आलेल्या बाईची शस्त्रक्रिया अधिक अवघड होते. म्हणजे निसर्गानं जे थोडं कठीण केलं ते घरानं आणि दवाखान्यानं आणखी कठीण केलं.

तपासणीची सुरुवात मात्र साधी आहे आणि आपल्या कार्यकर्तीला शिकता येण्यासारखी आहे. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे बोटं टेकवून नाडी लागते का पाहायचं. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून दोन्ही जागा पाहायच्या, दोन्ही पाय पाहायचे. दोन्ही जागी लागत नसेल किंवा जखम भरत नसेल, तर दवाखाना. तिथं घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांची तुलना करतात. घोट्याचा आकडा दंडाच्या आकड्यानं भागल्यावर ०.९ किंवा त्याहून कमी आला तर धमनीत अडथळा धरतात. जुन्या मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून नुसत्या आकड्यावर समाधान मानायचं नाही. त्यानंतर डॉपलर सोनोग्राफी आणि गरज पडली तर रंगद्रव्य टोचून काढलेला सी.टी. स्कॅन.

प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागत नाही, हेही ठासून सांगायला हवं. नुसतं चालताना दुखत असेल तर तंबाखू सोडणं, साखर नि रक्तदाब आटोक्यात ठेवणं, रक्त पातळ ठेवणारी आणि चरबीची गोळी, आणि चालणं, हाच पहिला उपचार. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. असं आठवड्यातून किमान तीन दिवस, अर्धा-पाऊण तास, निदान तीन महिने. पायाला जखम असेल तर मात्र हा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच. "बाया त दिवसभर चालतेच," असं कुणी म्हणेल. पण डोक्यावर मोळी घेऊन दुखणं दाबत चालणं आणि स्वतःच्या पायासाठी थांबत थांबत चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बसल्याजागी दुखत असेल, जखम भरत नसेल, बोट काळं पडत असेल, तर मात्र वाट पाहायची नाही. आणि एक प्रसंग असा की तासांचा हिशोब करावा लागतो. पाय अचानक दुखू लागला, पांढरा-थंड पडला, मुंग्या आल्या, हलवता येईना, तर धमनीत गुठळी अडकलेली असू शकते. अशा पायाला साधारण सहा तासांत रक्त मिळालं नाही तर कायमची हानी व्हायला लागते. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन ज्यांच्या हृदयाची झडप खराब झाली आहे अशा बायकांत हे तरुणपणीही होतं. गुठळी हृदयात तयार होते आणि वाहत पायात येऊन अडकते. देवरीहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. हमरस्ता गावातूनच जातो, पण ककोडीकडच्या पाड्यावरून देवरीपर्यंत यायलाच वेळ जातो. अशा वेळी पाय चोळायचा नाही, शेकायचा नाही. १०८ ला फोन करायचा आणि "पायाचा रक्तपुरवठा बंद झालाय" हेच शब्द वापरायचे. "पाय दुखतोय" म्हटलं तर गोळी मिळते.

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेची तयारी घरापासून सुरू होते. बहुतेकींचा रस्ता गोंदियाचं वैद्यकीय महाविद्यालय आणि तिथून नागपूर असा असतो. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रक्तवाहिन्यांच्या अनेक शस्त्रक्रियांचा खर्च मिळतो. २०२३ साली ही योजना सर्व कुटुंबांसाठी खुली करायचा निर्णय झाला आणि मर्यादा ५ लाख रुपयांवर नेली गेली. आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारायचं. आणि कागद पाहून ठेवायचे. रेशनकार्डावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं, असं अनेकींचं असतं. लग्नात बदललेलं नाव ऐन वेळी आड येतं. हे काम संघटनेनं आधीच उरकून घ्यावं. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढा प्रवासाचा भार कमी झाला आहे.

डॉक्टरांना काय काय सांगायचं? घेत असलेली प्रत्येक गोळी, झाडपाल्याची सुद्धा. कोणत्या औषधाची अंगावर पित्त उठण्यासारखी प्रतिक्रिया आली होती का. छातीत दुखतं का, दम लागतो का. ज्यांच्या पायाच्या धमन्या अरुंद, त्यांच्या हृदयाच्याही असू शकतात, म्हणून हृदयाची तपासणी होते. आपल्या पूर्व विदर्भात एक प्रश्न कधीच राहू द्यायचा नाही, तो सिकलसेलचा. सिकलसेलच्या रुग्णाला भूल देताना पाणी, ऊब आणि प्राणवायू यांची जास्त काळजी घ्यावी लागते. कार्ड असेल तर न्यायचं, तपासणी झाली नसेल तर करून घ्यायची. रक्त किती आहे तेही पाहायचं. आपल्याकडच्या किती बायका रक्त कमी असतानाच टेबलावर जातात! स्कॅनच्या रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून आधी क्रिएटिनिनची तपासणी लागते. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि मधुमेहाची गोळी शस्त्रक्रियेच्या दिवशी घ्यायची की थांबवायची, हे प्रत्येकीचं वेगळं असतं. शेजारणीचं ऐकून बंद करायची नाही. मांडीची हजामत घरी करायची नाही, पात्याची बारीक जखमही पिकते.

तंबाखू मात्र त्याच दिवसापासून बंद. दोन-तीन आठवडे आधी सुटली तर उत्तमच, पण उद्या शस्त्रक्रिया असली तरी आज सोडलेली फुकट जात नाही.

आणि जोडवी काढायची. रक्त कमी पोहोचणाऱ्या बोटावर कडं घट्ट बसलं की तिथंच जखम होते, सूज आली की ते रुततं. सौभाग्याचं लेणं काढू नये म्हणून दिवसेंदिवस काळं पडणाऱ्या बोटात जोडवं ठेवणाऱ्या बाया आहेत. नवरा जिवंत आहे याचा पुरावा बाईनं आपल्या बोटानं द्यायचा, ही रीत कुणी घातली? मावशीनं सांगितलं, जोडवं कापून काढावं लागलं. तिची सासू रडली. तिचं बोट गेलं तेव्हा सासूला रडू आलं होतं का, हे मावशीनं सांगितलं नाही.

आता शस्त्रक्रियेविषयी. मुख्यतः दोन वाटा. एका वाटेत जांघेतून बारीक नळी घालून अरुंद जागी फुगा फुगवतात, कधी तिथं जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. सहसा मोठी भूल लागत नाही आणि एक-दोन दिवसांत घरी सोडतात. दुसऱ्या वाटेत अडथळ्याला वळसा घालून नवी वाहिनी जोडतात. ही बायपास. त्यासाठी कृत्रिम नळी किंवा तिच्याच पायातली लांब शीर वापरतात, आणि ती शीर बहुधा मांडीच्या आतल्या बाजूनं काढतात. पॅरिसच्या जाँ कुनलाँ यांनी १९४८ साली पायातलीच शीर वापरून असा वळसा घातला, तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे. मावशीच्या मांडीवरचा चिरा तो हा. डॉक्टरांनी योग्य तेच केलं होतं. समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती.

ही पाच मिनिटं मागण्याचा हक्क कायद्यानं मान्य केलेला आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रुग्ण प्रौढ आणि शुद्धीवर येऊ शकणारी असेल, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर संमती तिचीच लागते. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले होते. न्यायालयानं ती संमती धरली नाही. शस्त्रक्रिया कोणती, तिचे फायदे-धोके काय, दुसरे उपाय कोणते आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे रुग्णाला सांगितलं पाहिजे असंही म्हटलं. आपल्यापैकी अनेकींना हा निकाल गर्भाशयाच्या संदर्भात ठाऊक आहे. तो पायालाही लागू आहे. नवऱ्याची सही, मुलाची सही ही साक्ष म्हणून चालेल, तिच्याऐवजी चालणार नाही.

बाईचा शब्द ऐकला तर काय होतं याचं एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासातच आहे. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ८२ वर्षांच्या एका बाईच्या पायाची बोटं सडू लागली होती. पाय कापण्याचा सल्ला दिला गेला. ती नाही म्हणाली. तिच्या नकारामुळे चार्ल्स डॉटर या क्ष-किरण डॉक्टरांनी एक नवीच गोष्ट करून पाहिली. धमनीत नळ्या घालून अरुंद जागा आतूनच रुंद केली. पाय ऊबदार झाला, जखम भरली, आणि पुढं ती वारली तोवर आपल्या दोन्ही पायांवर चालत होती. आज जगभर जी अँजिओप्लास्टी होते तिची सुरुवात या म्हातारीपासून झाली. प्रत्येक नकार असाच फळतो असं नाही. सडलेला पाय ठेवला तर जीव जाऊ शकतो, आणि कधी पाय कापणं हेच शहाणपण असतं. पण "दुसरा काही उपाय आहे का, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी पाय पाहिला का?" हा प्रश्न पाय कापण्याच्या कागदावर सही करण्याआधी प्रत्येकीनं विचारलाच पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस दवाखान्याचे असतात. पायाची नाडी, रंग, ऊब वारंवार पाहतात. बहुतेकींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभं करून चालवतात, आणि चालायलाच हवं. खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते. मावशी घरी आली आणि आठव्या दिवशी चुलीपुढे उकिडवी बसली. जांघेची जखम उसवली. पुन्हा ड्रेसिंग, पुन्हा एस.टी. घरच्यांनी म्हटलं, हिनं काळजी घेतली नाही. मैत्रिणींनो, काळजी घेणं म्हणजे काय? दुसऱ्या कुणीतरी काम करणं. बाई आजारी पडली की ते काम बहुधा तिच्या मुलीवर जातं आणि मुलीची शाळा सुटते. पुरुषाच्या पायाचं ऑपरेशन झालं की घर त्याच्याभोवती फिरतं. बाईचं झालं की तिनं घराभोवती फिरायचं.

म्हणून घरच्यांना समोर बसवून सांगायच्या गोष्टी या. निदान सहा आठवडे पाण्याची गुंडी, मोळी, धानाचं पोतं उचलायचं नाही. उकिडवं किंवा मांडी घालून फार वेळ बसायचं नाही, विशेषतः बायपास गुडघ्यापलीकडे गेलेली असेल तर. शौचासाठी खुर्चीचं बूड कापून वर बसता येईल अशी सोय करायची, खर्च फारसा नाही. बायपासनंतर पायाला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही सूज राहते, त्याला घाबरायचं नाही. बसताना पाय पाटावर किंवा उशीवर घ्यायचा. जांघेची जखम कोरडी ठेवायची. लुगड्याचा काच आणि परकराची नाडी तिथं घासू द्यायची नाही, घाम साचू द्यायचा नाही. नवऱ्यानं जवळ येण्याविषयीही डॉक्टरांना विचारायला लाजायचं नाही. जखम भरेपर्यंत, आणि त्यानंतरही, तिला नको असेल तर नाही.

ताप आला, जखमेतून पू किंवा रक्त आलं, जांघेत गाठ फुगू लागली, पाय पुन्हा थंड पडला किंवा जुनं दुखणं अचानक परत आलं, तर त्याच दिवशी निघायचं. जोडलेली वाहिनी बंद पडू शकते, लवकर गेलं तर ती कधी कधी पुन्हा मोकळी करता येते. म्हणूनच काहीही दुखत नसताना सुद्धा डॉक्टर सांगतील त्या तारखांना डॉपलरची तपासणी चुकवायची नाही. रक्त पातळ ठेवणारी आणि चरबीची गोळी बहुतेकींना कायम घ्यावी लागते. गोळ्या संपल्या आणि पैसे नाहीत म्हणून बंद केल्या, असं आपल्या गावात सर्रास होतं. या गोळ्या महाग नाहीत. सरकारी दवाखान्यात मागायच्या, मिळत नसतील तर तो ग्रामसभेचा विषय करायचा.

आणि पाऊल. मधुमेहानं बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. थंडीत शेकोटीला पाय शेकताना भाजलेली बोटंच पुढे सडतात. गरम पाण्याची पिशवी नको, शेकोटीपासून पाय लांब. रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळपाय पाहायचे, स्वतःला दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगायचं. अनवाणी शेतात जायचं नाही. रोवणीचं काय, हा प्रश्न मावशीनं विचारला. चिखलात चप्पल चालत नाही आणि रोवणीची मजुरी बुडवणं परवडत नाही. जखम असलेल्या पायानं चिखलात उतरायचं नाही, एवढं पक्कं सांगता येतं. बाकीचं उत्तर एकट्या बाईकडे नाही. गटानं तिला बांधावरचं काम द्यायचं, पऱ्ह्याच्या पेंढ्या बांधायचं काम द्यायचं आणि मजुरी सारखी वाटून घ्यायची, असं देवरीच्या बायकांनी त्या दिवशी आपसात ठरवलं. या सर्व चर्चेत हा निर्णय आम्हाला सर्वांत मोठा वाटला.

कधी पाय जातोच. तेव्हाही बाई संपत नाही. जयपूर फूट हा कृत्रिम पाय उकिडवं बसता यावं, अनवाणी आणि ओल्या शेतातही चालता यावं, हे डोळ्यांपुढे ठेवून आपल्याच देशात घडवला गेला. २०१६ च्या कायद्यानुसार अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठीची धावपळ तिच्याबरोबर आपण करायची.

देवरीच्या बैठकीतून आम्ही काही कामं घेऊन आलो आहोत आणि ती सर्व गटांपुढे ठेवत आहोत. प्रत्येक आरोग्य शिबिरात बायकांनी पायातलं काढून बसायचं, चाळिशीपुढच्या प्रत्येकीची पायाची नाडी, साखर आणि रक्तदाब पाहायचा. नाडी पाहायला गटातल्या दोघींनी तरी आरोग्यसेविकेकडून शिकून घ्यायचं. नागपूरला जाणाऱ्या रुग्ण बाईबरोबर एक मैत्रीण जाईल, ती प्रश्न विचारेल आणि उत्तरं वहीत लिहील. घरी आल्यावर सहा आठवड्यांच्या पाण्याची आणि सरपणाची पाळी शेजारणी वाटून घेतील, मुलीची शाळा सुटणार नाही. गुडाखू सोडू पाहणाऱ्या बायांचा एक गट बांधायचा, कारण एकटीला ते जमत नाही. आणि देवरीच्या ग्रामीण रुग्णालयात घोट्याचा रक्तदाब पाहण्याची सोय आणि पायाच्या जखमांसाठी आठवड्याचा एक ठरलेला दिवस असावा, ही मागणी आरोग्य खात्याकडे करायची. आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय देवरीतच आहे, त्यांनाही त्याची प्रत द्यायची.

त्या मागणीपत्राचा मसुदा तिथंच झाला. बायका एकेक करून सह्या करत होत्या, काही अंगठे उठवत होत्या. मावशीनं पेन घेतलं, कागद मांडीवर ठेवला आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव लिहिलं. मग विचारलं, "आता हे वाचून दाखवा. कायवर सही केली ते मले समजलं पायजे."

आम्ही पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं.

– संपादक मंडळ